शंभर अर्ज टाकले, फोन एक नाही, राजीनामा देऊन पुण्याला जाऊ का?

भावा, तुझं म्हणणं थोडक्यात असं आहे की डिप्लोमा मेकॅनिकल, वय २९, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून साडेचार वर्षं, त्याआधी दोन वर्षं दुसरीकडं ट्रेनी, ग्रॉस १९,५०० आणि हातात साडेसतरा, चार महिन्यांत ऑनलाइन शंभरावर अर्ज टाकले आणि एक फोन नाही, इथं वशिल्याशिवाय कोण घेत नाही, तर राजीनामा देऊन पुण्यात मित्राच्या खोलीवर जाऊन बसू का. मी २००३ पासून ह्याच पट्ट्यात आहे, पहिली सहा वर्षं क्वालिटीतच होतो, मग एचआरला आलो आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार ह्या एमआयडीसींत सगळीकडं काम झालंय, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे राजीनामा देऊ नको. आज नाही आणि पुढच्या महिन्यातही नाही. नोकरीत असलेल्या माणसाला आम्ही विचारतो किती पाहिजेत, आणि घरी बसलेल्याला विचारतो कितीवर येशील, हे बरोबर नाही पण असंच चालतं. आणि तुझ्या बाबतीत अजून एक सरळ हिशेब आहे. साडेचार वर्षं झाल्यात, पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. बेसिक आणि डीए मिळून तुझे १३,००० धरले तर १३,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे वर्षाला ७,५००, पाच वर्षांचे ३७,५००. सहा महिन्यांसाठी एवढे पैसे सोडायचे असतील तर समोरची ऑफर तेवढी तगडी पाहिजे, रागाच्या भरात सोडू नको. लोक सांगतात चार वर्षं २४० दिवस झाले तरी मिळते, मद्रास हायकोर्टाचा तसा निकाल आहेही, पण कंपनी त्यावर सरळ पैसे देईल असं नाही, भांडत बसावं लागतं, त्यामुळं पाच पूर्ण धरूनच चाल.

आता फोन का येत नाही ते. तुझा रेझ्युमे तू पाठवलायस तो वाचला. सगळ्यात वर चार ओळींचं ऑब्जेक्टिव्ह, आणि कामाच्या खाली लिहिलंय ‘इनकमिंग, इनप्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शनची जबाबदारी’. खोटं काहीच नाही, पण हेच वाक्य माझ्याकडं आलेल्या प्रत्येक क्वालिटीच्या रेझ्युमेत असतंय. एक जागा टाकली की मेलबॉक्स भरून वाहतो, मी काय सगळे उघडत नाही, पोर्टलवर मी शोधतो ते शब्द टाकून, म्हणजे सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन), पीपॅप (कस्टमरकडनं पार्ट मंजूर करून घ्यायची फाइल), एसपीसी (आकड्यांवरनं प्रोसेसवर नजर ठेवणं), एमएसए (मापायची पद्धत बरोबर आहे का ते तपासणं), कास्टिंग, व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) असं, आणि त्यातनं गेल्या पंधरा दिवसांत प्रोफाइल हलवलेली माणसं वर घेतो कारण जुन्या प्रोफाइलवाली माणसं फोन उचलत नाहीत किंवा कुठंतरी लागलेली असतात. तुझ्या रेझ्युमेत ह्यातले दोनच शब्द आहेत आणि तू बोलताना सांगितलंस की पीपॅपची फाइल तूच करतोस. मग ते लिहायला काय झालं? तुला वाटलं ते तर रोजचंच काम आहे. रोजचं काम म्हणूनच तर कोणी पगार देणार आहे.

२००९ ला मंदीत आमचं शॉप बंद पडलं. ट्रकच्या ऑर्डरी आटल्या, आधी एक शिफ्ट गेली, मग आठवड्यातले तीन दिवस काम, मग एक दिवस गेटवरच सांगितलं. तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. दोन महिने घरी होतो, पोरगी सहा महिन्यांची होती. रेझ्युमे घेऊन गेटागेटावर फिरलो, वॉचमन घेऊन ठेवायचा आणि पुढं काही व्हायचं नाही. मला एक सवय होती, खिशात छोटी डायरी, रोजचं रिजेक्शन, कुठल्या मशीनवर, कशामुळं, आम्ही काय केलं, मग किती झालं, एवढंच. एका रविवारी ती घेऊन बसलो आणि त्यातनं सात-आठ कामं आकड्यांसकट एका पानावर उतरवली. ते पान घेऊन मी एचआरकडं गेलोच नाही, आमच्याकडं तपासणीला येणारे कस्टमरचे एक इन्स्पेक्टर होते त्यांना दाखवलं. त्यांनी तिथंच फोन लावला. आठ दिवसांत कामावर होतो. म्हणून तुला सांगतो, आधी केलेल्या कामाचा हिशेब लिही आणि तो ज्याला कळतो त्या माणसाच्या हातात दे, अर्जाचं नंतर बघू.

हिशेब म्हणजे कसा, तर हे बघ. ‘रिजेक्शन कमी केलं’ असं लिहू नको. असं लिही: ‘हबच्या लाइनवर बोअर ओव्हरसाइझ होऊन रिजेक्शन ४.१ टक्के होतं, इन्सर्ट कितव्या पीसला झिजतो ते बघून टूल बदलायचा आकडा ठरवला, दर ५० व्या पीसला बोअर गेज लावायचं सुरू केलं, तीन महिन्यांत १.६ वर आलं.’ बोअर म्हणजे पार्टचं भोक, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुझे तू खरे टाक, आणि जे आठवत नाही ते टाकू नको कारण मी मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारणार, गेज कुठलं, लीस्ट काउंट म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप किती, ऑपरेटर ऐकत नव्हता तेव्हा काय केलंस. खरं केलेला माणूस डोळे चमकवून सांगत सुटतो, थांबवावं लागतं. आणि जे बिघडलं तेही लिही तुझ्या वहीत, रेझ्युमेत नको पण वहीत लिही, एखादा लॉट तुझ्या हातनं सुटला आणि कस्टमरकडनं परत आला असेल तर त्यानंतर काय बदललंस, कारण हा प्रश्न येतोच आणि ‘माझ्याकडनं कधी चूक झालीच नाही’ म्हणणाऱ्याला क्वालिटीत कोणी घेत नाही. फक्त एक पथ्य पाळ, कस्टमरचं ड्रॉइंग, पीपॅपच्या फाइली, रिपोर्ट असलं काही मोबाइलमध्ये फोटो काढून मुलाखतीला न्यायचं नाही. जो आजच्या कंपनीचं ड्रॉइंग दाखवतो तो उद्या आमचंही दाखवणार, एवढं आम्हाला कळतं.

रेझ्युमे दोन पानांच्या वर नको. ऑब्जेक्टिव्ह, वडिलांचं नाव, छंद हे सगळं काढून टाक. कुठल्या मशीनवरचे पार्ट तपासलेस, मशीनचा कंट्रोलर फॅनुक आहे का सीमेन्स, कास्टिंग ग्रे आयर्न होतं का एसजी आयर्न, आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्टचं क्वालिटी स्टँडर्ड) च्या ऑडिटला तू समोर बसलास का नुसत्या फाइली आणून दिल्यास, हे घाल. पीडीएफ कर, फाइलला स्वतःचं नाव आणि काम दे, ‘न्यू रेझ्युमे फायनल टू’ असल्या फाइली माझ्याकडं शेकड्यानं पडल्यात आणि परत शोधताना एक सापडत नाही.

आता वशिल्याचं. तू म्हणतोस इथं ओळखीशिवाय कोण घेत नाही, अर्धं खरं आहे. साहेबाचा भाचा म्हणून घेतात तसं होतंय, नाही म्हणत नाही, पण जास्त वेळा काय होतं सांगतो. मॅनेजर शॉपमध्ये येतो आणि विचारतो, अरे कोण चांगला पोरगा आहे का तुमच्या बघण्यातला. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून इथं माणूस हातावरनं ओळखला जातो, कागदावरनं नाही. म्हणजे ज्यांनी तुझं काम बघितलंय ती तुझी ओळख. त्यांची यादी कर, तुला वाटतंय त्यापेक्षा मोठी निघेल. तुझ्या कंपनीतनं सोडून गेलेले सगळे, ट्रेनी असतानाचा सुपरवायझर, डिप्लोमाच्या बॅचमधले कागलला लागलेले, कस्टमरकडनं ऑडिटला येणारे, आणि दोन माणसं जी कोणाच्याच लक्षात येत नाहीत: इन्सर्ट विकायला येणारा सेल्सवाला आणि गेज कॅलिब्रेशनला न्यायला येणारा. ही माणसं आठवड्यात तीस-चाळीस शॉप फिरतात. कुणाकडं नवीन मशीन उतरतंय, कुणाला नवीन कस्टमर लागलाय, कुठला क्वालिटी हेड सोडून चाललाय हे त्यांना पेपरात जाहिरात यायच्या आधी महिनाभर माहीत असतंय. मी स्वतः तीन माणसं अशी घेतलीत, तिघांचीही शिफारस टूलवाल्याकडनं आलेली आणि तिघंही टिकली.

त्यांना विचारायचं कसं हे महत्त्वाचं आहे. ‘कुठं काय असलं तर बघा की साहेब’ हे म्हणालास की समोरचा ‘बघू बघू’ म्हणणार आणि टपरीवरचा चहा संपला की विसरणार, कारण त्यानं नेमकं काय बघायचं हेच त्याला कळलं नाही. व्हॉट्सॲपवर असं टाक: ‘सर, नमस्कार. मी सध्या मशीन शॉपला क्वालिटीत आहे, साडेचार वर्षं झाली. कास्टिंग मशीनिंगची फायनल तपासणी, पीपॅप, एसपीसी करतो, सीएमएम चालवता येतं, प्रोग्रॅमिंग शिकतोय. गोकुळ शिरगाव किंवा फाइव्ह स्टारला क्वालिटी इंजिनिअरची जागा बघतोय. तुमच्या माहितीत अशी जागा असेल तर तिथं कुणाशी बोलायचं एवढं सांगाल का? रेझ्युमे जोडलाय. सध्याच्या ठिकाणी अजून सांगितलेलं नाही, तेवढं जपा.’ नोकरी मागू नको, पुढच्या माणसाचं नाव माग, ते देणं कुणालाही जड जात नाही. शेवटचं वाक्य मात्र विसरू नको, कोल्हापूर लहान आहे, सकाळी कावळा नाक्यावर बोललेलं संध्याकाळी तुझ्या साहेबाच्या कानावर असतंय. आणि कुणी मदत केली तर काम झालं नाही तरी त्याला फोन करून सांग काय झालं ते. ही एवढी गोष्ट शंभरातली पाच माणसंही करत नाहीत, जी करतात ती लक्षात राहतात.

पोर्टलं बंद कर असं मी म्हणत नाही. आठवड्यातनं एकदा प्रोफाइल अपडेट कर, दिवसाला दहा अर्ज मारण्यापेक्षा आठवड्यात तीन कर पण जाहिरात नीट वाचून, तिच्यातले शब्द तुझ्या कामात असतील तर रेझ्युमेत आणून. सरकारची नोकरीची पोर्टलं, महास्वयम आणि एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस), दोन्हीकडं नाव नोंदवून ठेव, फुकट आहे. रोजगार मेळावे मात्र जास्त करून फ्रेशर आणि आयटीआयच्या पोरांसाठी चांगले, तुझ्या अनुभवाला तिथं फार काही हाती लागायचं नाही. वेळेचं म्हणशील तर दिवाळीचा बोनस खिशात पडला की माणसं सोडतात, आणि तसंच मार्च-एप्रिलला पगारवाढ कळल्यावर, त्याच्या पुढचे पाच-सहा आठवडे जागा निघतात. त्याच्या आधी तुझं पान तयार पाहिजे, जागा निघाल्यावर लिहायला बसलास तर उशीर झाला.

फोन आला की मुलाखत. आमच्याकडं क्वालिटीच्या मुलाखतीत बोलण्याच्या आधी बहुतेक वेळा मायक्रोमीटर हातात देतात. व्हर्नियरचं लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचं ०.०१, हे सगळ्यांना पाठ असतं, आम्ही बघतो तो झिरो एरर बघतोय का, रॅचेट वापरतोय का, पार्ट पुसून घेतोय का. सीपी आणि सीपीकेत (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती बसते ते सांगणारे आकडे) फरक काय, सीपीके १.३३ च्या खाली आला तर काय करशील, हे विचारतात, पाठ केलेली व्याख्या नको, तुझ्या पार्टवर सांग. इंग्लिशची भीती तू लिहिलीस, तर ऐक, शॉपमधली मुलाखत मराठीतच होते, पण स्वतःबद्दलची पाच-सहा वाक्यं आणि एक काम इंग्लिशमध्ये सलग सांगता आलं पाहिजे कारण कस्टमर ऑडिटला तुला बसवायचं का हे त्यावरनं ठरवतात. घरी मोठ्यानं बोलून बघ, दहा वेळा, बायकोसमोर बोल. सोडायचं कारण विचारलं तर आताच्या साहेबाबद्दल एक शब्द वाईट काढू नको, खरा असला तरी. ‘तिथं सीएमएमचं प्रोग्रॅमिंग करायला मिळत नाही, मला तिकडं जायचंय’ हे पुरे आहे, आणि खरंही आहे.

आता पुणं. जाऊ नको असं माझं म्हणणं नाही, माझ्या हाताखालची कितीतरी पोरं चाकणला गेली आणि वर आली. पण जागा हातात घेऊन जा, नुसता जाऊन बसू नको. २३० किलोमीटर आहे, मुलाखतीला रात्रीच्या एसटीनं जाऊन दुसऱ्या रात्री परत येता येतंय. आणि सीटीसीला, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याला, भुलू नको. तुला कुणी ४ लाख २० हजार म्हणालं, म्हणजे महिना ३५,००० असं तू घरी सांगणार. त्यात काय काय असतं बघ: कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिक १७,५०० धरलं तर ८४० च्या आसपास, बोनस महिन्याला वाटून धरलेला १,४०० समज, मेडिक्लेम आणि कँटीन मिळून हजार. झाले पाच हजार कमी, ग्रॉस ३०,०००. त्यातनं तुझा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २००, हातात २८,०००. आता खोलीचं भाडं, डिपॉझिट, जेवण, महिन्यातनं दोनदा गावाकडं येणं, हे तुझं तू मांड. आणि त्याच्या शेजारी गोकुळ शिरगावला हातात २४,००० आणि घरचं जेवण हे मांड. कधीकधी तरीही पुणं बरोबर असतं, कारण तिथल्या मोठ्या प्लांटला दोन वर्षांत जे शिकशील ते इथं पाच वर्षांत मिळणार नाही. पण मग शिकायला जातोय हे डोक्यात ठेवून जा, बचतीला जातोय असं समजून नको.

एक गोष्ट बहुतेक पोरं बघतच नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुझा ग्रॉस २१,००० च्या आत आहे म्हणून तू ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विम्यात, आहेस, तुझे पगाराचे ०.७५ टक्के जातात म्हणजे दीडशे रुपयांच्या आत, आणि त्यात बायको-पोरांबरोबर तुझ्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही बसतात. नवीन ठिकाणी पगार २१,००० च्या वर असला की तुला ईएसआय नाही. तू लिहिलंयस वडिलांची शुगरची औषधं चालू आहेत. मग ऑफर घेताना विचार, ग्रुप मेडिक्लेम आहे का, किती लाखांची, आई-वडील धरलेत का, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात का. नसेल तर बाहेरनं पॉलिसी घ्यायचा खर्च वाढलेल्या पगारातनं वजा कर, मगच वाढ किती झाली ते ठरव. हे विचारलं म्हणून ऑफर जात नाही, मी आजवर ह्या प्रश्नावरनं कुणाला नाही म्हटलेलं नाही.

दुसरं विचारायचं ते हे की कंपनीच्या रोलवर घेताय का कंत्राटदाराच्या. गेट एकच असतं, ड्रेस एकच असतो, पगाराची स्लिप कुणाच्या नावाची आहे त्यावर सगळं असतं. जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी पीएफ पासबुकला आस्थापनेचं नाव बघितलंस की खरं काय ते कळेलच, पण त्याआधी ऑफर लेटरवर वाच. पैसे भरा मग जागा देतो, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, यातलं कुठलंही वाक्य ऐकलं की फोन ठेव, खरी कंपनी तुझ्याकडनं एक रुपया मागत नाही. मूळ मार्कशीट दाखवायची, देऊन यायची नाही.

पीएफ काढू नको. ट्रेनी असतानाचे दोन वर्षांचे काढले असशील तर गेले, पण आताचे ट्रान्सफर कर. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, तोच राहतो, पेन्शनला १० वर्षांची सर्व्हिस लागते आणि ती जोडूनच होते, आणि पाच वर्षांच्या आत काढलास तर टॅक्सचं वेगळं लचांड.

सोडायची वेळ आली की राजीनामा मेलवर दे, तोंडी नको, आणि नवीन कंपनीचं लेटर हातात पडल्याशिवाय तर नकोच, फोनवरच्या ‘तुमचं फायनल झालंय’ वर एका पोरानं सोडलं होतं आणि ती जागा नंतर होल्डवर गेली, त्याला पाच महिने लागले सावरायला. नोटीस पूर्ण भर, तिघांना काम शिकवून जा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन स्लिपा घे. कंपनीनं पीएफवर बाहेर पडल्याची तारीख टाकली का बघ, नाही टाकली तर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर तुला स्वतःला टाकता येते, ती नसली की ट्रान्सफर अडकतं. आणि तुझ्या नावावर जेवढे गेज आहेत, प्लग, स्नॅप, बोअर गेज, सगळ्यांची यादी करून नंबरासकट हँडओव्हर दे आणि घेणाऱ्याची सही त्या यादीवर घे, एक झेरॉक्स स्वतःकडं ठेव, कारण फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, ‘एक गेज सापडत नाही’ म्हणून पैसे कापलेले मी बघितलेत.